पथ्यभंगाचा शेरा

चौऱ्याऐंशी माणसांच्या फायलींवर मी 'पथ्यभंग' असा शेरा मारला. त्यातली एक फाईल माझ्या वहिनीची होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणाचं माझ्याबद्दल बरं मत व्हायला लागलं तर ते वेळीच आवरता यावं.

मी आहार-सल्लागार आहे. कोल्हापूरजवळच्या एका तालुक्याच्या वजन केंद्रात नऊ वर्षं सल्लागाराच्या खुर्चीवर बसले. माझं स्वतःचं वजन कॉलेजात होतं तेवढंच आजही आहे आणि त्याचं श्रेय मी कायम स्वतःकडे घेत आले. मी चहात साखर घालत नाही, लग्नात जिलबी घेत नाही, आणि जे घेतात त्यांच्याकडे मी कशी बघते ते माझ्या नवऱ्याला, सुहासला, विचारा. "पंगतीत अनू शेजारी बसली की पोलीस बसल्यासारखं वाटतं," असं तो म्हणतो. मला ते कौतुक वाटायचं.

वजन उतरवायच्या इंजेक्शनचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. जेवण आतड्यात उतरलं की आतडं एक संप्रेरक सोडतं आणि मेंदूला कळवतं, पुरे. इंजेक्शनमधलं औषध या संप्रेरकाची नक्कल करतं. आतड्याचा निरोप काही मिनिटांत विरून जातो, औषधाचा आठवडाभर टिकतो, एवढाच फरक. माणूस अर्ध्या भाकरीत ताटावरून उठतो आणि त्याला आपण काही सोडलंय असं वाटतही नाही. वजन उतरतं, साखर उतरते, गुडघे हलके होतात. सरकारी योजनेतून हे इंजेक्शन दोन वर्षं मिळायचं.

खरी गोष्ट ते बंद केल्यावर सुरू होते. चरबीच्या पेशी रिकाम्या होतात, पण मरत नाहीत. आपण कधीकाळी भरलेल्या होतो याच्या खुणा त्यांच्या आतल्या जनुकांवर शिल्लक राहतात. शरीराच्या लेखी जुनं वजन हेच खरं वजन, आणि मधली दोन वर्षं म्हणजे दुष्काळ. औषधाचा निरोप थांबला की शरीर दुष्काळातून सावरायला लागतं. जाळतं कमी, मागतं जास्त. हे सगळं माझ्या अभ्यासक्रमात होतं. परीक्षेत मी त्यावर पंधरापैकी तेरा गुण मिळवले होते.

म्हणून योजनेत दुसरा टप्पा ठेवला होता, राखण डोस. महिन्याला एक छोटं इंजेक्शन, आयुष्यभर. पण ते सगळ्यांना पुरण्याएवढं नव्हतं. औषध बंद झाल्यावर वर्षभरानं रुग्णाला बोलवायचं, वजन परत वाढलं असेल तर कारण ठरवायचं. 'शरीरप्रवृत्ती' लिहिलं की डोस सुरू. 'पथ्यभंग' लिहिलं की नाव कमी, आणि पाच वर्षं पुन्हा अर्ज नाही. कोणतं लिहायचं ते मी ठरवायचे.

कसं ठरवायचे? रुग्णानं लिहिलेली आहारवही बघायची, चार प्रश्न विचारायचे आणि माणूस खोटं बोलतोय का ते चेहऱ्यावरून ओळखायचं. मला ते ओळखता येतं अशी माझी ख्याती होती. बशीर मुल्लाणी नावाचे एक टेम्पोवाले होते. वही चोख, वजन मात्र बावीस किलोनं वाढलेलं. ते म्हणाले, "मॅडम, मुलीची शपथ, ह्याच्या भायेर घास घेतला न्हाई." मी फायलीत लिहिलं, 'पथ्यभंग. रुग्ण भावनिक दबाव आणतो.' आणि ती ओळ त्यांना वाचायला लावून खाली सही घेतली.

वहिनीचं नाव शालन. मी नऊ वर्षांची असताना आई गेली आणि दुसऱ्याच वर्षी एकोणीस वर्षांची ही मुलगी दादाचा हात धरून आमच्या घरात आली. आल्या आठवड्यात तिनं माझ्या वेण्या घालायला घेतल्या. दुधावरची साय तिनं कधी स्वतःच्या भातावर घेतलेली मला आठवत नाही, ती माझ्या वाटीत असायची. मी कोल्हापुरात शिकायला होते तेव्हा पहाटेच्या एसटीनं तिचा डबा यायचा, रोज. मी जी काही झाले ती त्या डब्यावर झाले.

गेली चौदा वर्षं ती गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. दीडशे पोरांचं पातेलं. वजन चौऱ्याण्णव, दोन्ही गुडघे गेलेले. योजना आल्यावर मीच तिला ओढून आणलं. दोन वर्षांत ती एकाहत्तरवर आली आणि चैत्रात जोतिबाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढली. वर पोचल्यावर गुलालानं माखलेल्या तोंडाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'तुझी कृपा.' मी तो फोटो केंद्राच्या भिंतीवर लावला होता.

औषध बंद झालं. अकरा महिन्यांनी ती तपासणीला आली तेव्हा काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला. भिंतीवरचा फोटो तिच्या मागेच होता. गुडघ्याच्या डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं की वजन पुन्हा नव्वदच्या पलीकडे गेलं तर उभ्यानं स्वयंपाक करणं बंद. म्हणजे शाळा बंद. त्या डोसवर तिचं चालणं-फिरणं आणि तिचं काम, दोन्ही अवलंबून होतं.

आमचे केंद्रप्रमुख डॉ. हेरवाडे म्हणाले होते, "घरचं माणूस आहे, फाईल दुसऱ्या केंद्राला देऊ." मी म्हटलं, "नको. माझ्याकडेच राहू दे. मी कडकच बघते." नणंदेनं भावजयीला डोस मिळवून दिला असं कुणी म्हणू नये, ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती. आपलं माणूस समोर असताना आपण किती स्वच्छ आहोत हे मला गावाला दाखवायचं होतं.

"शालन विलास चौगले," मी पडद्यावरचं नाव पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं वाचलं.

"व्हय, मीच," वहिनी हसली. "वळख ऱ्हायली न्हाई व्हय?"

"बसा. मागच्या वर्षी एकाहत्तर होतं. काय झालं?"

उभ्या जन्मात मी तिला 'बसा' म्हटलं नव्हतं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"भूक लागती गं. जेवून हात धुतला की लागती. पोटात न्हाई, हितं लागती." तिनं मानेमागं हात लावून दाखवलं.

"ती मनाची भूक. पाणी प्यायचं, दहा मिनिटं थांबायचं."

"थांबते की. दहा मिंटं थांबलं की अकराव्या मिंटाला दुप्पट लागती."

मी तिची आहारवही उघडली. शाळेतल्या पोरांसारख्या अक्षरात सगळं लिहिलेलं. अर्धी भाकरी, पालेभाजी, वाटीभर आमटी. पण पडद्यावर तिच्या नावापुढे लाल खूण होती. शाळेत खिचडी पोरांना वाढण्याआधी स्वयंपाकीणबाईनं ती चाखायची असते, मग गुरुजींनी, असा नियम आहे. पूर्वी त्याची वही असायची, आता फोनवर नोंद होते आणि ती नोंद आमच्या यंत्रणेलाही दिसते. रोज पावणेअकरा वाजता, 'चव घेतली, दोन चमचे, शालन चौगले.' आहारवहीत त्याचा पत्ता नव्हता.

"शाळेत खिचडी चाखता का?"

"चाखते की. चाखायचीच आसती."

"रोज?"

"चतुर्थी सोडून. त्यादिवशी मदतनीस बघती."

"मग वहीत का नाही?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "चव बघणं म्हंजी खाणं व्हय?"

खरं तर आमच्याकडची कुठलीही बाई हेच म्हणाली असती. आमटीत मीठ बघायला तळहातावर घेतलेला थेंब कुणी जेवणात धरत नाही. हे मला माहीत होतं. त्यानं काय बिघडतं तेही माहीत होतं. दोन चमचे खिचडी, शाळेचे दोनशे दिवस. सगळी चरबी झाली असं धरलं तरी अडीच किलो. वाढले होते सतरा. हा गुणाकार मला तेव्हाही येत होता, पण मी तो केला नाही. मला कारण सापडलं होतं आणि ते कागदावर शोभण्यासारखं होतं.

मी लिहिलं, 'पथ्यभंग. माहिती लपवली.' पडदा तिच्याकडे वळवला. तिनं चष्मा लावून ओळ वाचली, बोट टेकवून सही केली आणि म्हणाली, "तू म्हंतीस तर आसंल बाई." जाताना पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून माझ्या टेबलावर ठेवली. ती घरी नेऊन मी दोन दिवस पुरवून खाल्ली.

सहा महिने गेले. वहिनीचं वजन ब्याण्णववर पोचलं होतं आणि शाळेत ती आता स्टूल घेऊन बसते असं दादा फोनवर म्हणाला होता. मी विषय बदलला होता.

त्याच सुमारास पुण्याहून डॉ. शर्वरी दाते एक पेटी घेऊन आमच्या केंद्रात आल्या. वयानं माझ्याहून लहान, बोलायला भरभर. पेटीत कानामागे चिकटवायच्या बोटभर पट्ट्या होत्या.

"पोटातून मेंदूकडे जाणारा एक मोठा मज्जातंतू असतो," त्या सांगत होत्या. "भूक लागली, पोट भरलं, हे निरोप त्याच्यातून जातात. त्याची एक बारीक फांदी कानापर्यंत येते. आम्ही तिथे कान लावून बसतो. तीन दिवसांत त्या माणसाची भूक पूर्ण नोंदली जाते, किती, केव्हा, कशानंतर. शिवाय जबडा किती हलला, घास किती गिळले, तेही आवाजावरून कळतं."

"म्हणजे चोरून खाल्लं तर सापडेल," मी म्हटलं.

शर्वरीताईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "सापडेल. पण आम्ही त्यासाठी नाही बनवली. ही पट्टी उलटीही चालते. नोंदवलेली भूक दुसऱ्याच्या कानामागे तशीच वाजवता येते. ताप किती आहे ते थर्मामीटर सांगतो, भूक किती आहे ते आजवर रुग्णाच्या तोंडूनच ऐकावं लागायचं, आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटेलच असं नाही. म्हणून प्रत्येक सल्लागारानं एका रुग्णाची भूक एक दिवस स्वतः भोगायची, असं प्रशिक्षण आहे."

तालुक्यातून वीस जणांनी तीन दिवस पट्ट्या लावून दिल्या. त्यात वहिनी होती. तिला कुणी सक्ती केली नव्हती. "अनूच्या दवाखान्याचं काम हाय," म्हणून ती आपण होऊन आली होती.

विसांतून मी तिचीच नोंद उचलली. का, तेही सांगते. माझा शेरा बरोबर होता हे मला बघायचं होतं. मनात कुठेतरी सहा महिने काहीतरी टोचत होतं आणि ते एकदाचं गप्प व्हावं अशी माझी इच्छा होती.

रविवारी सकाळी सातला मी पट्टी लावली. तिच्या मंगळवारचे सात ते माझ्या रविवारचे सात. सुहासनं पोहे केले होते. मी एक बशी खाल्ली, हात धुतला, आणि तेव्हा ते सुरू झालं.

भूक म्हणजे काय हे मला माहीत आहे असं मी समजत होते. एकादशीला दुपारी चारला लागते ती. ही ती नव्हती. पोटात काही कावकाव नव्हती. मानेमागून, अगदी वहिनीनं हात लावला होता तिथून, कुणीतरी सतत हाक मारत होतं. पोहे खाऊन ते शांत होण्याऐवजी जागं झालं होतं. मी पेपर उघडला आणि एकच ओळ चारदा वाचली. पाणी प्यायले, दहा मिनिटं थांबले. अकराव्या मिनिटाला मला हुंदका आला, इतकी ती दुप्पट होती.

"काढून टाक ना," सुहास म्हणाला.

"दिवसभर ठेवायचीय."

"मग निदान खा काहीतरी."

"खाल्लंय," मी ओरडले. तो पोह्यांची बशी उचलून आत गेला.

पावणेअकराला मात्र कहर झाला. त्या वेळी मंगळवारी वहिनी पातेल्याशी उभी होती, दीडशे पोरांच्या खिचडीची वाफ तोंडावर घेत. मी माझ्या ओट्याशी उभी होते. भानावर आले तेव्हा लाडवाचा डबा माझ्या हातात होता आणि त्यात दोनच लाडू उरले होते. दुपारी मी जेवले, पुन्हा जेवले. चार वाजता कपाटातला बेसनाचा डबा उघडून कच्चं पीठ बोटानं चाखत होते तेव्हा सुहासनं माझ्या कानामागची पट्टी ओढून काढली. एका मिनिटात सगळं शांत झालं. मी खाली फरशीवर बसले आणि बराच वेळ रडले. नऊ तास मला सोसले नव्हते. वहिनी ते दीड वर्ष सोसत होती आणि मी तिला पाणी प्यायला सांगितलं होतं.

प्रशिक्षणात आपण काय खाल्लं ते वहीत लिहायचं होतं. मी प्रामाणिकपणे आठवून अकरा नोंदी केल्या. सोमवारी शर्वरीताईंनी पट्टीतली मोजणी पडद्यावर लावली. जेवणं सोडून मी एकशे सात घास गिळले होते. वहीत त्यातले वीसही नव्हते.

"मी खोटं नाही लिहिलं," मी म्हटलं. "मला खरंच आठवत नाही."

"कुणालाच आठवत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता हा तुमच्या रुग्णाचा आलेख बघा. हा विलक्षण आहे."

वहिनीची भूक मी भोगली तीच होती, पण तिचे घास तिनं वहीत लिहिले होते तेवढेच होते. एका दिवशी तर एक कमी. जुन्या वहीप्रमाणे एकाहत्तर किलोची असताना ती जेवढं खात होती त्याहून ती आज कमी खात होती, आणि तरी शरीर चढतच होतं. शर्वरीताईंनी पावणेअकरावर बोट ठेवलं. "इथे मात्र पट्टीत दोष असावा. तिन्ही दिवस याच वेळी जबडा हलतो, जिभेला चव लागल्याची खूण आहे, पण घास गिळलेला नाही. असं कसं होईल?"

मी ती वेळ वहीत टिपून घेतली. त्या दुपारी मी माझ्या संगणकावर वहिनीची फाईल उघडली, 'पथ्यभंग' खोडून 'शरीरप्रवृत्ती' केलं आणि कारणात नव्या चाचणीचा दाखला दिला. काम पाच मिनिटांचं होतं. बाकीच्या त्र्याऐंशी फायली त्याच यादीत खाली दिसत होत्या. मी यादी बंद केली. डॉ. हेरवाडेही म्हणाले, "घरचं निस्तरलंस ना? मग मोहोळाला हात कशाला घालतेस?" मला ते पटलं. पटवून घ्यायचं होतं.

मंगळवारी रजा टाकून मी गावी गेले. पावणेअकराच्या आत शाळेत पोचले. वहिनीला आनंदाची बातमी द्यायची होती आणि ते कोडंही विचारायचं होतं.

विचारावं लागलं नाही. मी फाटकातून आत येत होते तेव्हा ती स्वयंपाकखोलीच्या दारात दिसली. पळीनं खिचडी तळहातावर घेतली, फुंकर घातली, तोंडात टाकली. क्षणभर डोळे मिटले. मग गुडघा धरत, भिंतीचा आधार घेत ती मागच्या नळाशी गेली, परसबागेच्या कोपऱ्यात थुंकली, चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि फोन काढून नोंद केली. चव घेतली, दोन चमचे.

"वहिनी."

ती दचकली. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला, आणि तो चेहरा मी माझ्या टेबलापलीकडे चौऱ्याऐंशी वेळा पाहिला होता.

"रोज थुंकतेस?"

"हळू बोल की गं." तिनं इकडंतिकडं पाहिलं. "इंजेक्शन बंद झाल्यापास्नं. एक घास गिळला की मला थांबता यायचं न्हाई बघ. सगळं पातेलं म्होरं आसतंय. म्हनून मीठ-तिखट कळंपातुर ठेवायचं आन टाकायचं."

"मग मला का नाही सांगितलंस? त्या दिवशी मी विचारलं तेव्हा?"

"तू इचारलंस, चाखतीस का. चाखत हुते. गिळतीस का, आसं कुठं इचारलंस?" ती खाली बघून म्हणाली. "आन सांगून काय केलं आसतंस? लिवलं आसतंस कागदावर. पोरांच्या अन्नापाशी बाई थुकती म्हनून. चौदा वरसं झाली मला हितं. त्यापरीस माहिती लपवली, ते बरं."

मी पायरीवर बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. पट्टी लावली ते, लाडू, कच्चं बेसन, तो न केलेला गुणाकार. "वहिनी, मला तेव्हाच कळत होतं गं. लोक काय म्हणतील म्हणून लिहिलं. मी चुकले." शेवटी सांगितलं की तिचा शेरा मी काल बदललाय, पुढच्या महिन्यापासून डोस मिळेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती पट्टी काढली की भूक जाती?"

"लगेच."

"बरं हाय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग ती म्हणाली, "मुल्लाणीचा बी तूच बघितला हुतास न्हवं? तांदूळ घेऊन येतोय त्यो हितं. आता टेम्पोत बसाय येत न्हाई नीट. त्याचा बदललास?"

मी चपलेचा पट्टा सरळ करायला लागले.

"माझा एकटीचाच बदललास?" वहिनीनं पळी खाली ठेवली. "अनू, मागल्या येळंला तू लोकांना भ्यालीस. आता कुणाला भ्यालीस?"

तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं थाळ्या वाजवत ओळीनं बसली. वहिनीनं मलाही त्यांच्या शेवटी बसवलं. "सकाळपास्नं काय खाल्लं नसशील. तोंड बघ कसं झालंय." थाळीत तिनं वाफाळती खिचडी वाढली आणि समोर स्टुलावर बसली. सव्वाअकरा वाजले होते. या वेळी त्या देहात काय चाललेलं असतं ते मला आता मिनिटामिनिटानं ठाऊक होतं. ती माझ्या घासाकडे बघत होती आणि तिच्या गळ्याशी आवंढा हलताना मला दिसत होता.

"घे की अजून," ती म्हणाली. "लाजू नगंस."

मी घेतली. लहानपणापासून तिनं वाढलेलं कधी टाकलं नव्हतं, तेव्हाही टाकलं नाही. पण तो एकेक घास उतरताना मला जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही, आणि जाऊ नये.

बुधवारी मी योजनेच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. चौऱ्याऐंशी शेरे एकाच पद्धतीनं मारलेत, एकाही वेळी रुग्णावर विश्वास ठेवलेला नाही, आणि वहिनीची फाईल मी परस्पर बदलली आहे, सगळं लिहिलं. डॉ. हेरवाडे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौकशी झाली. शेरा मी परस्पर बदलला म्हणून वहिनीचा डोस आधी थांबवला गेला, मग आलेख बघून रीतसर मंजूर झाला. त्यात तिचे आणखी दोन महिने गेले. तेही माझ्याच नावावर. सल्लागाराच्या खुर्चीवरून मला काढलं, पण नोकरीवरून काढलं नाही. उरलेल्या त्र्याऐंशी घरी जाऊन पट्ट्या लावायला दुसरं माणूसच नव्हतं.

तेव्हापासून मी पेटी घेऊन दारोदार फिरते आहे. काही जण चहा देतात. एक आजी पट्टी लावून घेताना म्हणाल्या, "आता तरी खरं लिही हं बाळ." दोन घरांत मला फार उशीर झाला होता. तिथं मी फक्त नमस्कार करून परत आले.

मुल्लाणींनी मला तीनदा दारातून परत पाठवलं. काल चौथ्यांदा गेले. त्यांच्या मुलीनं दार उघडलं, जिची शपथ त्यांनी घेतली होती ती. आतून त्यांचा आवाज आला, "कोन हाय?" मुलीनं नाव सांगितलं. "सांग तिला, आमी भावनिक दबाव आणतो." दार बंद झालं.

मी पायरीवर पेटी ठेवून उभी होते तेव्हा फोन वाजला. वहिनी. घड्याळात दहा पन्नास. तिचा पहिला डोस होऊन नववा दिवस.

"अनू, आज गिळली गं," ती म्हणाली. मागे पोरांचा गलका होता. "खिचडी. दोन चमचं. आन मग पळी ठिवली खाली. थांबले. आपसूक."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"आयकतीस का? कुठं हायस?"

"मुल्लाणींच्या दारात."

"उघडलं का?"

"नाही."

"मग फोनवर काय बोलत बसलीस," वहिनी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी पुन्हा कडी वाजवली.